वाया गेलेल्या बावट्याची किंमत

चक्रीवादळ किनाऱ्याला लागून पुढे सरकलं की चोवीस तासांच्या आत आपल्याकडे ठरलेला वाद सुरू होतो. एका गटाचं म्हणणं असतं, हवामान खात्याने उगाच घाबरवलं, आमच्या गल्लीत तर पानही हललं नाही. दुसऱ्या गटाचं म्हणणं असतं, हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या युरोपियन संगणकी मॉडेलने चार दिवस आधीच नेमकी जागा दाखवली होती, आपलं खातंच मागे पडलं. दोघंही नकाशावर बोट ठेवून भांडतात: रेघ इथे काढली होती आणि वादळ गेलं तिथून. हा वाद मला फसवा वाटतो. अंदाज कितीही चुकू दे, असं मी म्हणत नाही. मात्र आज वादळाचा मार्ग जितका आधी आणि जितका नीट कळतो, तितका तो माणसाच्या इतिहासात कधीच कळत नव्हता, आणि तरीही माणसं मरतात. ती का मरतात याचं उत्तर त्या रेघेत फारसं सापडत नाही. इशारा मिळाल्यावर थांबण्याची ऐपत कोणाला आहे आणि कोणाला नाही, यात ते सापडतं. बंदरात धोक्याच्या इशाऱ्याचा बावटा चढला आणि वादळ आलंच नाही, तर बुडालेल्या दिवसांचं नुकसान आज तोच सोसतो ज्याच्या गाठीला सर्वांत कमी आहे. हा हिशेब बाजूला ठेवून चाललेला अचूकतेचा वाद मला हौसेचा वाटतो.

'निसर्ग'चंच घ्या. 2020 च्या जूनमध्ये हे वादळ हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या जवळपास किनारा ओलांडेल असा अंदाज होता. वाहिन्यांनी त्यातून एकच शब्द उचलला: मुंबई. 3 जूनला दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला, मुरूड-श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं आणि संध्याकाळी बातमी चालली, 'मुंबईवरचं संकट टळलं'. श्रीवर्धन ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. चोवीस तास आधी केलेल्या अंदाजात वादळाच्या केंद्राची जागा सरासरी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास इकडेतिकडे होते, आणि दोन दशकांपूर्वी ही चूक जवळपास दुप्पट होती. म्हणजे 'मुंबई वाचली' आणि 'मुंबई बुडाली' यांच्यातला सगळा फरक एक-दोन दिवसांच्या नेहमीच्या चुकीत सहज मावतो. खात्याने दिलेल्या पट्ट्यातच वादळ आलं होतं. ज्यांना ते 'चुकलं' असं वाटलं, त्यांनी पट्टा वाचलाच नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त स्वतःचं शहर होतं. आणि ज्या दिवशी मुंबईने सुटकेचा निःश्वास टाकला, त्याच दिवशी श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीत घरांची कौलं उडाली होती, विजेचे खांब आडवे झाले होते आणि सुपारीच्या वाड्या मुळासकट झोपल्या होत्या. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. सुपारीचं नवं झाड फळायला पाच-सात वर्षं लागतात. संकट टळलं म्हणजे नेमकं कोणाचं टळलं?

(जाता जाता त्याच आठवड्यातली एक गंमत. 1882 साली मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसं मेली, अशी 'माहिती' तेव्हा गावभर फिरत होती. कोलंबिया विद्यापीठातले वातावरणशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळली, तेव्हा असं वादळ झाल्याचा काहीही पुरावा मिळाला नाही. लाख माणसं मेल्याची नोंद त्या वेळच्या मुंबईतल्या एकाही वर्तमानपत्राला करावीशी वाटली नसेल, हे पटतं का? तरी पुढचं वादळ आलं की हा आकडा पुन्हा फिरेल, पैज लावा.)

नकाशावरची रेघ म्हणजे वादळाच्या केंद्राचा अंदाजित मार्ग. तिच्याभोवतीचा रुंदावत जाणारा शंकू सांगतो की केंद्र साधारण कोणत्या पट्ट्यात राहील. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचा शंकू तर अशा मापाने काढतात की तीनपैकी साधारण दोन वेळा केंद्र त्यात राहावं. म्हणजे तिसऱ्या वेळी ते बाहेर जाणार हे धरूनच चित्र काढलेलं असतं. शिवाय वारा, पाऊस, उधाण यांचा पसारा कुठपर्यंत असेल, हे शंकू सांगतच नाही. आपल्या गोलार्धात वादळ ज्या दिशेने चाललं असेल, तिच्या उजव्या हाताला वाऱ्याचा जोर जास्त असतो. 'निसर्ग' ईशान्येकडे चाललं होतं, त्यामुळे दापोली-मंडणगडच्या वाट्याला उजवी बाजू आली आणि मुंबईच्या वाट्याला डावी. एवढी साधी गोष्ट वाहिन्यांच्या दिवसभराच्या चर्चेत कितीदा ऐकली?

किनारा कुठे ओलांडणार, या एका प्रश्नाचं वेड किती महागात पडतं हे पुढच्याच वर्षी 'तौक्ते'ने दाखवलं. ते महाराष्ट्रात कुठेच जमिनीवर आलं नाही. किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेलं आणि 17 मे 2021 च्या रात्री गुजरातेत, दीव-उनाच्या बाजूला धडकलं. जमिनीवर येण्याचा बिंदू हाच निकष धरला तर महाराष्ट्राचा या वादळाशी संबंधच नव्हता. पण सबंध कोकण त्याच्या उजव्या हाताला होतं. सांताक्रूझला एका दिवसात 230 मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यात तिथे एवढा पाऊस कधी नोंदला गेला नव्हता. आणि बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-305 ही कामगारांच्या निवासाची बार्ज 261 माणसांसह समुद्रात होती. ती बुडाली आणि त्यातली सत्तरहून अधिक माणसं गेली. इशारा नव्हता का? होता. समुद्रात जाऊ नका, गेलेल्यांनी परत या, असं खातं काही दिवस आधीपासून सांगत होतं. वादळ येतंय हे सगळ्यांना ठाऊक असताना एवढी माणसं समुद्रात राहिली कशी, हे शोधायला पुढे चौकशी समिती नेमावी लागली. त्या मृत्यूंचा मार्गाच्या अंदाजातल्या चुकीशी काडीचाही संबंध नव्हता. काम कधी थांबवायचं हे ठरवणारे जमिनीवर होते आणि त्या निर्णयाचे परिणाम भोगणारे पाण्यावर.

आता विरुद्ध बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं. वादळ आधी दिसणं हीच तर पहिली पायरी आहे, ती नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. हे शंभर टक्के मान्य. 5 ऑक्टोबर 1864 ला कलकत्त्यावर चक्रीवादळ आणि त्याच्याबरोबर समुद्राची लाट आली, पन्नास-साठ हजार माणसं गेली. त्यानंतर कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था उभी राहिली आणि 1875 साली भारतीय हवामान खातं स्थापन झालं. आपल्या हवामानशास्त्राचा जन्मच असा प्रेतांच्या राशीवरचा आहे. आणि ही पायरी आजही पक्की झालेली नाही. 2017 च्या नोव्हेंबर अखेरीस 'ओखी' केरळ-तामिळनाडूच्या टोकाशी इतक्या झपाट्याने चक्रीवादळ बनलं की बहुदिवसीय फेरीला गेलेल्या कितीतरी बोटी तेव्हा समुद्रात खोलवर होत्या. शेकडो मच्छिमार मेले किंवा कायमचे बेपत्ता झाले. 68 नौका आणि साडेनऊशेच्या आसपास मच्छिमार भरकटत, वाऱ्याला पाठ देत थेट सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागले. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोवर आदळलेलं 'ओटिस' एका दिवसात साध्या वादळापासून सर्वांत वरच्या पाचव्या श्रेणीपर्यंत पोहोचलं, आणि जगातल्या उत्तमोत्तम मॉडेलना ते आदल्या दिवशीपर्यंत कळलं नव्हतं. मार्गाच्या अंदाजात जी प्रगती झाली, ती तीव्रतेच्या अंदाजात झालेली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 2001 ते 2019 या काळात आधीच्या दोन दशकांपेक्षा 52 टक्क्यांनी वाढली, तेव्हा रडार, उपग्रह, समुद्रातले तरंगते मापक यांवर खर्च करा, भरपूर करा. माझा त्याला विरोध असण्याचं कारणच नाही.

पण या मान्यतेतून 'तर मग परदेशी संस्था बघा, त्या जास्त अचूक' ही जी उडी मारली जाते, ती मला मान्य नाही. परदेशी आकडा मोठा दिसतो याचं एक कारण फार साधं आहे. अमेरिकी नौदल आणि हवाई दलाचं संयुक्त केंद्र वाऱ्याचा वेग एका मिनिटाच्या सरासरीने सांगतं, आपलं खातं तीन मिनिटांच्या आणि जपान दहा मिनिटांच्या. सरासरीचा काळ जितका लांब, तितका आकडा खाली येतो. वादळ तेच, मोजणी वेगळी. 2013 च्या 'फायलिन'च्या वेळी काही परदेशी तज्ज्ञांनी भारतीय खातं वादळाला कमी लेखतंय अशी टीका केली. खातं ताशी 210 ते 220 किलोमीटरवर ठाम राहिलं आणि ओडिशातल्या गोपाळपूरजवळ वादळ साधारण त्याच वेगाने जमिनीवर उतरलं. यात राष्ट्राभिमानाने छाती फुगवण्यासारखं काही नाही, उद्या उलटंही घडेल. मोबाइलवर रंगीत भोवरे दाखवणाऱ्या अ‍ॅपमधलं दहा दिवसांनंतरचं चित्र उचलून 'मुंबईवर महाभयंकर वादळ' असं पसरवणाऱ्यांना मात्र या फरकाचा गंध नसतो. हवामानाचा नाद असलेली मराठी मंडळी अलीकडे फार छान समजावून सांगू लागली आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण दहा दिवसांनंतरची एक रेघ म्हणजे अंदाज नव्हे, संगणकाने मांडलेल्या अनेक शक्यतांपैकी ती एक असते.

अचूक मार्ग म्हणजे वाचलेली माणसं, हे समीकरण कुठे साफ कोलमडलं असेल तर ते फिलिपिन्समध्ये. 8 नोव्हेंबर 2013 ला 'हैयान', तिथल्या लोकांचं 'योलांदा', पहाटे गिवान इथे जमिनीवर आलं आणि सकाळी ताक्लोबान शहराला भिडलं. अमेरिकी नौदल-हवाई दलाच्या केंद्राच्या अंदाजानुसार त्याचा कमाल वेग ताशी 315 किलोमीटर होता. त्याचा मार्ग आधीच नीट सांगितलेला होता. आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अक्विनो दूरचित्रवाणीवरून बोलले. सात मीटरपर्यंत समुद्र चढू शकतो हेही जाहीर झालं होतं. सरकारी आकड्यानुसार मेले 6,300. काय चुकलं? हजारो लोक घर सोडून निवारा केंद्रांत गेले होते आणि त्यातली कितीतरी केंद्रं सात मीटरच्या खाली होती. इशारा देणाऱ्यांनी पाण्याची उंची सांगितली, पण ती उंची आणि शाळेच्या पायरीची उंची एकाच कागदावर मांडून कोणी पाहिली नव्हती. ताक्लोबान आहे सान पेद्रो उपसागराच्या टोकाला. लेयतेचं आखात तिथे अरुंद आणि उथळ होत जातं आणि समुद्र आत ढकलला गेला की त्याला वर चढण्याखेरीज वाट उरत नाही. हे कोणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. 1897 च्या ऑक्टोबरमध्ये समार आणि लेयते या तिथल्याच बेटांवर असंच वादळ आलं होतं, समुद्र असाच आत घुसला होता, आणि मनिला वेधशाळेचे जेझुइट पाद्री होसे आल्गे यांनी त्याची सविस्तर नोंद लिहून ठेवली होती. फिलिपिन्समध्ये वादळाचा माग काढण्याची परंपरा केवढी जुनी: याच वेधशाळेचे फेदेरिको फाउरा यांनी 1879 साली टायफूनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळाचा, पहिला इशारा दिला होता. एवढं शास्त्र, एवढी स्मृती, एवढा नेमका मार्ग, आणि तरी निवारा केंद्रातच माणसं बुडाली. वर्षभराने, 2014 च्या डिसेंबरमध्ये, 'हागुपित' त्याच भागावर आलं. या वेळी दहा लाखांवर माणसं हलवली गेली आणि मृतांचा आकडा दोन अंकांतच राहिला. मधल्या एका वर्षात हवामानशास्त्राने अशी कोणती झेप घेतली होती? कोणतीच नाही. लोकांनी वाट पाहिली नाही आणि प्रशासनानेही नाही, एवढाच फरक होता.

अचूकतेच्या भांडणाचा आणखी एक तोटा असतो: त्यात संस्थांचा अहंकार शिरतो. 1900 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या गॅल्वेस्टन शहरावर आलेल्या वादळात किमान सहा हजार माणसं मेली, काही अंदाज बारा हजारांपर्यंत जातात. क्यूबातल्या वेधशाळांना कॅरिबियन वादळांचा पिढीजात अभ्यास होता. हवानाच्या बेलेन वेधशाळेचे पाद्री गांगोइते यांना हे वादळ मेक्सिकोच्या आखातात पुढे सरकेल असं दिसत होतं, तर वॉशिंग्टनच्या हवामान कार्यालयाच्या मते ते फ्लोरिडाकडून ईशान्येला वळणार होतं. क्यूबा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता आणि क्यूबातल्या लोकांनी वादळाविषयीचे संदेश तारेने पाठवू नयेत अशी तजवीज याच कार्यालयाने करून ठेवली होती. मार्ग कोणाचा खरा, या प्रतिष्ठेच्या प्रश्नात शहर बुडालं. आज आपल्याकडे तारा तोडल्या जात नाहीत, तरी 'आमचं मॉडेल, तुमचं मॉडेल' या सुरात मला तोच जुना माज ऐकू येतो.

यापुढचा आक्षेप मात्र नुसता बौद्धिक नाही, तो पोटाचा आहे. अंदाज ढोबळ असेल, पट्टा रुंद असेल, तर दर वेळी जास्त लोकांना हलवावं लागतं. दर वेळी वादळ येत नाही. मग लोकांचा विश्वास उडतो आणि खरं वादळ आलं की कोणी हलत नाही. 2019 च्या जूनमध्ये 'वायू' वेरावळजवळ धडकणार म्हणून गुजरातने तीन लाखांच्या आसपास माणसं हलवली, आणि ते ऐन वेळी समुद्रातच वळलं. तीन लाख माणसांची ती रात्र फुकट गेली का? माणसं हलवणं स्वतःच धोक्याचं असतं हेही खरं. 2005 मध्ये 'कॅटरिना'ने हादरलेल्या टेक्सासमधून 'रिटा'च्या आधी पंचवीस लाखांहून अधिक लोक एकदम रस्त्यावर आले. उष्णतेने, अपघातांनी, डॅलसजवळ वृद्धाश्रमाच्या बसला लागलेल्या आगीत, असे शंभराच्या आसपास जीव त्या पळापळीतच गेले. वादळाने प्रत्यक्ष मारलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा होता. ज्यांना कमी आणि नेमकी माणसं हलवावीत असं वाटतं, त्यांच्या बाजूने हे दाखले आहेत आणि ते खोडून काढता येत नाहीत.

प्रश्न एवढाच, की पोकळ ठरलेल्या इशाऱ्याने विश्वास खरंच उडतो का? 1996 मध्ये अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात 'बर्था' आणि 'फ्रॅन' या दोन वादळांसाठी लागोपाठ घरं सोडण्याचे आदेश निघाले आणि दोन्ही वादळं शेजारच्या राज्यात गेली. कर्स्टिन डाउ आणि सुझन कटर या संशोधकांनी तिथल्या रहिवाशांना विचारून पाहिलं, तेव्हा पहिल्या वेळच्या फसगतीचा दुसऱ्या वेळच्या निर्णयावर फारसा परिणाम दिसला नाही. आपल्या जवळचा दाखला हवा असेल तर 'वायू' वळून गेल्याच्या चार वर्षांनंतरचा घ्या. जून 2023 मध्ये 'बिपरजॉय' आठ-दहा दिवस अरबी समुद्रात रेंगाळलं, ओमान की कराची की कच्छ हे मॉडेलनाही लवकर ठरवता येईना, आणि तरीही गुजरातेत लाखभर माणसं हलली. 15 जूनला कच्छातल्या जखाऊजवळ वादळ जमिनीवर आलं, नुकसान प्रचंड झालं, पण माणसं वाचली. 'वायू'ने त्यांना कंटाळवलं नव्हतं. माझा कयास असा की यामागे महिन्याचाही हात आहे. दोन्ही वादळं जूनमधली, म्हणजे मासेमारीबंदीच्या काळातली. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. थांबण्यासाठी दर्यावर्दी माणसाला त्या दिवसांची कमाई सोडावी लागली नाही. इशारा ऐकणं स्वस्त असलं की लोक ऐकतात.

जिथे ते महाग असतं तिथलं चित्र बघा. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः दोन वेळा येतात, पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर. कोकणातल्या मच्छिमाराचे कमाईचे दिवसही हेच. मे म्हणजे बंदी लागण्यापूर्वीचा शेवटचा महिना, ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे नव्या हंगामाचा भर. ट्रॉलर फेरीला निघतो तेव्हा डिझेल, बर्फ, रेशन सगळं आधी भरलेलं असतं, बऱ्याचदा मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या उचलीवर. बंदरात तीन नंबरचा, म्हणजे सावधगिरीच्या इशाऱ्याचा, बावटा चढला की बर्फ वितळतो, खलाशांना बसून खायला घालावं लागतं आणि उचल तशीच राहते. वाळत घातलेले बोंबील भिजले तर ज्या बाईचा तो माल तिचा महिना गेला. अशा वेळी तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, आकाशाकडे बघून 'एक दिवस जाऊन येऊ' म्हटलं तर आपण त्याला बेपर्वा म्हणतो. दरमहा पगार घेणाऱ्या माणसाने घरी बसून वादळाचा नकाशा बघत त्याला बेपर्वा म्हणावं, याची मला नेहमीच मौज वाटते. 2019 च्या दिवाळीत 'क्यार' हे सुपर सायक्लोन महाराष्ट्राच्या किनाऱ्याला न लागता पश्चिमेकडे गेलं, पाठोपाठ आलेलं 'महा' समुद्रातच विरलं. मार्गाच्या नकाशात महाराष्ट्र कोराच. पण या दोघांनी मिळून ऐन हंगामातले आठवडे खाल्ले, कापणीला आलेलं भात भिजवलं, आणि मच्छिमारांसाठी राज्य सरकारला पॅकेज जाहीर करावं लागलं. ते जाहीर झालं पुढच्या वर्षी. उचलीवरचं व्याज तेवढं थांबत नाही.

ज्या देशांनी मृत्यू खाली आणले, त्यांनी नेमकी ही किंमत ओळखली होती. 1970 च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानवर आलेल्या भोला वादळात तीन ते पाच लाख माणसं मेली. ते वादळ उपग्रहाने टिपलेलं होतं, कॉक्स बझारच्या रडारवर दिसलेलं होतं. दिसणं आणि वाचणं यांच्या मधली दरी याहून रुंद कुठे सापडेल? बांगलादेशने पुढे गावोगाव स्वयंसेवक उभे केले, निवारे बांधले, हे सगळे सांगतात. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते: मातीचे उंच भराव, ज्यांना तिथे मुजिब किल्ला म्हणतात. ते गुरांसाठीही आहेत. शेतकरी घर सोडत नाही कारण गाय सोडता येत नाही, हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि गाईची सोय झाली. 1991 मध्ये तिथे सुमारे 1 लाख 38 हजार गेले होते, 2007 च्या 'सिद्र'मध्ये साडेतीन हजारांच्या आत. ओडिशात 1999 च्या सुपर सायक्लोनने दहा हजारांच्या आसपास बळी घेतले. त्यानंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभारलं, आठशेहून अधिक निवारे बांधले, आणि 2019 च्या 'फनी'च्या वेळी बारा लाख माणसं हलवली. मृत्यू 64. रेघ किती नेमकी होती, याची चर्चा तिथल्या गावांत कोणी फारशी केली असेल असं वाटत नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. बावटा चढला की ज्यांची बोट बंदरात आहे त्यांना त्या दिवसांची ठरावीक भरपाई आपोआप मिळावी. वादळ आलं तरी आणि वळलं तरी. आज मदत पंचनाम्यानंतर मिळते, म्हणजे ज्याचं काहीतरी मोडलं त्याला. ज्याने ऐकलं, बोट आत ठेवली आणि म्हणून ज्याचं काही मोडलं नाही, त्याच्या हाती काहीच नाही. केरळने 2021 मधल्या खराब हवामानाच्या इशाऱ्यांत बुडालेल्या कामाच्या दिवसांपोटी मच्छिमार कुटुंबांना अर्थसाहाय्य दिलं होतं. रक्कम मोठी नव्हती, तत्त्व मोठं होतं. पैसे घेऊन लोक तरीही समुद्रात जातील, ही शंका काढणाऱ्यांनी आठवावं की 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्येच देशभरातल्या एक लाख मासेमारी नौकांवर बोटीची जागा कळवणारे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. वादळाच्या केंद्राची जागा कळते तशी बोटीचीही कळू शकते. वाढवण बंदराची पायाभरणी त्याच कार्यक्रमात झाली, तेव्हा पैसे नाहीत हे कारण तर कोणी सांगू नये.

एक आक्षेप मात्र मला खरोखर जड वाटतो. प्रत्येक बावट्यामागे तिजोरीतून पैसे जाणार असतील, तर उद्या मंत्रालयातून फोन जाईल की जरा थांबा, आणखी बारा तास बघा. अंदाज देणाऱ्याच्या मानेवर खर्चाचा हात आला की तो बिचकणारच, आणि तो बिचकला तर ही सगळी व्यवस्था आजच्याहून वाईट ठरेल. यावर उपाय माणसांच्या सचोटीवर सोडून चालणार नाही, तो रचनेतच असायला हवा. बावटा हवामान खात्याने चढवावा, जे केंद्राचं आहे. पैसे राज्याने आधीच बाजूला काढलेल्या निधीतून जिल्हाधिकाऱ्याने द्यावेत. किती दिवस बावटा होता, किती बोटी आत होत्या, किती कुटुंबांना किती दिवसांत रक्कम पोहोचली, हे प्रत्येक वादळानंतर जाहीर व्हावं. मार्गातली चूक किती किलोमीटर होती, हा तक्ता खातं आजही दरवर्षी प्रसिद्ध करतं. त्याला आणखी तीन रकाने जोडावेत आणि ते महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाने भरावेत.